टॉवर ऑफ लंडन : किल्ला म्हणून बघाल तर पैसे वसूल

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

तिकिटाचं आधी बोलून टाकू, कारण इंडियातून येणारं प्रत्येक जण पहिलं तेच विचारतं. माणशी ३० पौंडांच्या वर जातं, रुपयांत हिशोब केला की पोटात गोळा येतो हे खरंय, पण त्यात सगळं येतं. म्हणजे आतले राजघराण्याचे दागिने, चिलखतं, राजाच्या जुन्या खोल्या, तटावरून फिरणं आणि बीफईटर म्हणतात त्या निळ्या-लाल ड्रेसमधल्या पहारेकऱ्यांची टूरसुद्धा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मी लंडनजवळच राहते, घरचे, सासरचे, मैत्रिणी, जे कोणी येतात त्यांना इथे घेऊन जाते आणि मला अजून कंटाळा आलेला नाही, उलट दरवेळी काहीतरी नवीन सापडतंच.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. आपली बहुतेक माणसं इथे फक्त कोहिनूर बघायला येतात. दागिन्यांच्या इमारतीबाहेर लाइन लावायची, आत सरकत्या पट्ट्यावर उभं राहून दोन मिनिटं मुकुट बघायचे, 'आपलाच आहे, नेला यांनी' असं म्हणायचं, बाहेर येऊन टॉवर ब्रिजबरोबर फोटो काढायचा की झालं. माझे मामा-मामी एका टूरबरोबर आले होते तेव्हा त्यांना इथे जेमतेम तासभर दिला होता, मग पुढचं शॉपिंग. मामा आयुष्यभर सह्याद्रीतले गड फिरलेला माणूस, आणि हजार वर्षांच्या किल्ल्यात जाऊन त्याने एक बुरूज नीट बघितला नाही. नंतर मी त्या दोघांना परत घेऊन गेले तेव्हा मामा एका दरवाजापाशीच इतका रमला की मामीने शेवटी हाताला धरून पुढे नेलं. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. हा किल्ला आहे, तोही नदीकाठचा किल्ला, आणि नदी लक्षात घेतल्याशिवाय त्यातलं काहीच नीट कळत नाही.

टॉवर हिल स्टेशनला उतरलात की बाहेर पडल्या पडल्या एक जुनी उंच भिंत दिसते, लोक तिच्यासमोरून तसेच निघून जातात. ती रोमन लोकांनी लंडनभोवती बांधलेल्या तटाची भिंत आहे, खालचा भाग रोमन आणि वरचा नंतरचा. तिथे दोन मिनिटं थांबा, कारण किल्ला याच जागी का झाला त्याचं उत्तर तिथेच आहे. नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून १०६६ च्या ख्रिसमसच्या दिवशी राजा झाला, पण लंडनची माणसं आपल्याला मानतील की नाही याची त्याला धास्ती होती. त्याने शहराचा आग्नेय कोपरा निवडला, जिथे जुना रोमन तट थेम्सला येऊन मिळत होता. दोन बाजूंना तट तयारच होता, उरलेल्या दोन बाजूंना खंदक खणून लाकडी कुंपण घातलं की काम झालं. समुद्रातून येणारं प्रत्येक जहाज याच कोपऱ्यासमोरून शहरात शिरणार, म्हणजे एकाच जागेवरून नदीवरही नजर आणि शहरावरही. गड कुठे बांधायचा याचं डोकं सगळीकडच्या राजांचं सारखंच चालतं बघा.

मग साधारण १०७८ च्या सुमारास मधला दगडी चौकोनी बालेकिल्ला सुरू झाला, तोच व्हाइट टॉवर. काम बघायला गंडल्फ नावाचा रॉचेस्टरचा बिशप होता. उंची २७ मीटर, तळाशी भिंतींची जाडी साडेचार मीटर, आणि कोपऱ्यांचे दगड थेट फ्रान्समधल्या कां गावाहून जहाजाने समुद्र ओलांडून मग थेम्समधून आणलेले. म्हणजे दगडसुद्धा नदीनेच आणून दिले. त्या काळी लंडनमध्ये बहुतेक घरं लाकडाची आणि बुटकी, त्यात हे एवढं उभं राहिलं तेव्हा लोकांना काय वाटलं असेल याचा विचार करा, संरक्षणासाठी तर होतंच पण मुख्य म्हणजे शहराला दाखवायला होतं की आता राजा कोण आहे. पांढरं नाव नंतर पडलं, १२४० मध्ये तिसऱ्या हेन्रीने त्याला चुन्याचा पांढरा रंग दिला तेव्हापासून.

व्हाइट टॉवरचं दार बघा. जमिनीवर नाहीये, वरच्या मजल्यावर आहे आणि तिथपर्यंत बाहेरून लाकडी जिना आहे. हल्ला झाला की लाकडी जिना काढून टाकायचा आणि शत्रू खाली उभा. आजचा जिना नवीन आहे पण जागा आणि पद्धत तीच. तो चढताना बाबांनी कठड्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, 'म्हणजे दार असून नसल्यासारखं.' आत वरती एक साधं चॅपल आहे, गोल खांब, गोल कमानी, भिंतीवर काहीही नक्षी नाही, नुसता फिकट दगड. आठव्या हेन्रीचं भलंमोठं चिलखत बघून सगळे पुढे जातात आणि या चॅपलमध्ये डोकावतात न डोकावतात, तसं करू नका, आख्ख्या किल्ल्यात मला सगळ्यात आवडणारी जागा हीच आहे.

याच किल्ल्यात १३८१ मध्ये शेतकऱ्यांच्या बंडातली माणसं घुसली. राजा दुसरा रिचर्ड, वय १४, बंडवाल्यांशी बोलायला बाहेर गेला होता, आणि मागे जमाव दरवाजातून सरळ आत आला. वेढा नाही, तोफ नाही, लढाईसुद्धा नाही. सायमन सडबरी म्हणजे कँटरबरीचा आर्चबिशप आणि राज्याचा चान्सलर, प्रार्थना करत होता, त्याला ओढून बाहेर टॉवर हिलवर नेलं आणि मुंडकं उडवलं. साडेचार मीटरच्या भिंती काय कामाच्या, दरवाजा आतून उघडा राहिला की संपलं, हे आपल्याकडच्या कितीतरी गडांच्या गोष्टींत आपण वाचलेलंय.

आता माझा आवडता भाग. आत शिरलात की बाहेरच्या आणि आतल्या तटामधून एक दगडी गल्ली जाते, तिचं नाव वॉटर लेन. डाव्या हाताला ब्लडी टॉवरची कमान लागते आणि वर तो जड लाकडी-लोखंडी जाळीचा दरवाजा टांगलेला दिसतो, दोर सोडला की धाडकन खाली येणारा. सगळे ब्लडी हे नाव ऐकून दोन राजपुत्रांची गोष्ट ऐकायला पुढे पळतात. पण तुम्ही त्या कमानीखाली उभे राहा आणि मागे वळून बघा. १२७५ च्या आधी थेम्स इथपर्यंत होती! आज पर्यटक जिथून चालतात ती गल्ली म्हणजे नदीचा काठ आणि पाणी, आणि ही कमान म्हणजे किल्ल्याचा तेव्हाचा पाणदरवाजा. शेजारचा वेकफील्ड टॉवर पण तेव्हा पाण्याला लागून उभा होता. नदी मागे गेली नाही, तिला मागे ढकललं. पहिल्या एडवर्डने १२७५ पासून दहा वर्षांत नदीत भराव घातला, बाहेरून दुसरा तट बांधला, आणि त्याच्याही बाहेर रुंद खंदक खणून त्यात थेम्सचं पाणी घेतलं. खंदकासाठी फ्लँडर्सहून, म्हणजे आजच्या बेल्जियमकडून, जाणकार माणूस आणला होता, पाणी अडवण्यात तिकडची माणसं तेव्हापासून तरबेज. बाहेरचा तट मुद्दाम आतल्यापेक्षा बुटका ठेवलाय, म्हणजे आतल्या तटावरचे धनुर्धारी बाहेरच्यांच्या डोक्यावरून बाण मारू शकतील आणि शत्रूवर एकाच वेळी दोन मजल्यांवरून मारा होईल. मामा अडकला तो इथेच. त्या कमानीपासून बाहेरच्या तटापर्यंत त्याने चालत किती पावलं होतात ते मोजलं, परत आला, म्हणाला, एवढी सगळी नदी भरून काढली?

एडवर्डच्या बापाची, तिसऱ्या हेन्रीची, एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्याने पश्चिमेला नवीन मोठा दरवाजा बांधायला घेतला आणि १२४० मध्ये तो कोसळला, परत बांधला तर पुढच्या वर्षी परत कोसळला. लंडनकर खूश झाले, कारण हा किल्ला त्यांना कधीच आपला वाटला नव्हता, त्यांच्या उरावरच तो बांधलेला होता. मॅथ्यू पॅरिस नावाच्या त्या काळच्या साधूने लिहून ठेवलंय की एका धर्मगुरूला दृष्टांत झाला, थॉमस बेकेट हातात क्रूस घेऊन आला आणि त्याने तटावर तो आपटला. हा बेकेट कँटरबरीचा आर्चबिशप, जन्माने लंडनचा, आणि ११७० मध्ये त्याला मारलं ते हेन्रीच्या आजोबांच्या माणसांनी, म्हणजे संताने शहराची बाजू घेऊन राजाच्या नातवाचा दरवाजा पाडला असं लोकांनी मानलं. ही नुसती दंतकथा म्हणून सोडून देता आली असती, पण १९९० च्या दशकात खंदकात उत्खनन झालं तेव्हा खरंच त्या काळच्या पडलेल्या दरवाजाचे दगड आणि त्याच्या पायाखालची लाकडं सापडली. आणि पुढे एडवर्डने नदीकडे नवीन पाणदरवाजा बांधला तेव्हा त्यावरच्या बुरुजाचं नाव पडलं सेंट थॉमस टॉवर. त्याच संताचं नाव!

या बुरुजाच्या वर एडवर्डच्या खोल्या आहेत, पलंग वगैरे त्या काळासारखं नवीन करून मांडलंय, रंग बघून आई म्हणाली एवढा भडक रंग राजाच्या खोलीला? तेव्हा असेच असायचे म्हणे. आणि खाली तो प्रसिद्ध ट्रेटर्स गेट, देशद्रोह्यांचा दरवाजा. राजाची बोट थेट खोलीखाली लागावी म्हणून बांधलेला दरवाजा पुढे कैद्यांचा झाला. आठव्या हेन्रीचा चान्सलर थॉमस मोर याच्यासारखी माणसं इथे कैद झाली, १५५४ मध्ये राणी मेरीने आपल्या सख्ख्या नाही सावत्र बहिणीला, एलिझाबेथला, नदीतून बोटीने इथे कैदेत पाठवलं, तीच पुढे राणी होऊन ४४ वर्षं राज्य करून गेली. आतून बघितलं तर रुंद कमान, तिच्याखाली लाकडी फाटक आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. नदीकडचं तोंड आता विटांनी बुजवलंय. थेम्समधून बोटीने जाल तर काठावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं, म्हणून शक्य असेल तर एक बाजू मेट्रोने आणि एक बाजू नदीतल्या बोटीने असं करा.

कैद्यांच्या गोष्टी तर ढिगाने आहेत. टूरमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त मुंडकी उडवल्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील. आठव्या हेन्रीच्या दोन राण्या, ॲन बोलिन १५३६ आणि कॅथरीन हॉवर्ड १५४२, मग नऊ दिवसांची राणी जेन ग्रे १५५४, पोरगी सतरा वर्षांची असेल नसेल. जिथे हे झालं असं मानतात तिथे हिरवळीवर काचेची उशी असलेलं स्मारक आहे. पण एक लक्षात ठेवा, किल्ल्याच्या आत असा मृत्यू मोजक्याच लोकांच्या वाट्याला आला, बाकी शंभराच्या वर लोकांना बाहेर टॉवर हिलवर हजारोंच्या गर्दीपुढे मारलं. १४८३ मध्ये इथून गायब झालेल्या त्या दोन राजपुत्र भावांची गोष्ट, एक १२ वर्षांचा राजा आणि दुसरा ९ वर्षांचा, ती मुलांना सांगताना जरा जपून, माझी मुलगी रात्रभर तेच विचारत होती. १६७४ मध्ये व्हाइट टॉवरजवळचा जिना पाडताना दोन लहान मुलांची हाडं सापडली, ती आता वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये आहेत.

मला मात्र मेलेल्यांपेक्षा निसटलेल्यांच्या गोष्टी आवडतात, आणि त्यातली एक तर टूरमध्ये फारशी कोणी सांगतच नाही. जॉन जेरार्ड, कॅथलिक धर्मगुरू, पहिल्या एलिझाबेथच्या काळात तो धर्म चालवणं म्हणजे गुन्हा. त्याला सॉल्ट टॉवरमध्ये ठेवलं होतं, व्हाइट टॉवरच्या तळघरात नेऊन मनगटांना बेड्या घालून तासन्‌तास टांगलं, हात इतके सुजले की पुढे कित्येक दिवस त्याला सुरीसुद्धा धरता येईना. पण त्याने कोणाचं नाव सांगितलं नाही. मग त्याने पहारेकऱ्याकडे संत्री मागितली, त्याच्या सालींच्या जपमाळा करून बाहेर पाठवायला लागला, आणि त्या ज्या कागदात गुंडाळायच्या त्यावर संत्र्याच्या रसाने चिठ्ठ्या लिहिल्या, कागद गरम केला की अक्षरं दिसतात. असं करत बेत ठरला. नदीकडच्या क्रेडल टॉवरमध्ये जॉन आर्डेन नावाचा कैदी होता, त्याच्या गच्चीवरून खंदकावर दोर टाकून धक्क्यावर उतरायचं, मित्र बोट घेऊन येणार. पहिल्या रात्री बोट आली पण परत जाताना भरतीच्या लोंढ्याने तिला ओढत नेऊन लंडन ब्रिजच्या खांबांवर आपटलं, आतले कसेबसे वाचले. तेच मित्र दुसऱ्या रात्री परत आले! १५९७ चा ऑक्टोबर. दोर उतरता असायला हवा होता पण बुरूज तेवढा उंच नव्हता, त्यामुळे तो कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा जवळजवळ आडवाच राहिला, घसरत जाणं शक्य नाही, त्या मोडक्या हातांनी स्वतःला खेचत खेचत जायचं. मध्यावर त्याची ताकद संपली आणि तो खंदकावर तसाच लटकून राहिला. मग कसाबसा पलीकडे पोचला आणि बोटीतून गेला, नंतर सापडला नाही. क्रेडल टॉवर आजही जागेवर आहे. धक्क्यावर उभं राहून त्याच्या माथ्याकडे बघा, मग पायाखाली बघा, आणि ते अंतर सुजलेल्या हातांनी पार करायचंय असा विचार करा.

सॉल्ट टॉवर आणि बोशॅम्प टॉवर, या दोन्ही ठिकाणी भिंतींवर कैद्यांनी कोरून ठेवलेलं आहे, ते चुकवू नका. सॉल्ट टॉवरमध्ये ह्यू ड्रेपर नावाच्या माणसाने १५६१ मध्ये ग्रहताऱ्यांचं आख्खं चक्र दगडात कोरलंय, त्याच्यावर आरोप होता जादूटोण्याचा. काचेआडून वाकून बघितलं की रेघा किती बारीक आणि सरळ आहेत ते कळतं. घाईत काही केलेलं नाही, वेळच वेळ होता त्याच्याकडे.

मुलं बरोबर असतील तर इथल्या प्राण्यांची गोष्ट सांगा. सहाशे वर्षं इथे राजाचा प्राणिसंग्रह होता. १२५२ मध्ये नॉर्वेच्या राजाने एक पांढरं अस्वल पाठवलं, आणि त्याला लांब दोर बांधून थेम्समध्ये मासे पकडायला सोडायचे. लंडनच्या मधोमध, नदीत पोहणारं पोलर बेअर! १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाने हत्ती पाठवला, शहराच्या अधिकाऱ्यांना हुकूम गेला की ४० फूट लांब आणि २० फूट रुंद घर बांधा, बिचारा तरी दोन-तीन वर्षांतच गेला. हत्तीला थंडीत दगडी किल्ल्यात कोंडून कसं चालेल. सिंह तर दरवाजातच ठेवलेले, येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरूनच आत जावं लागायचं. १८३५ मध्ये हे सगळं बंद झालं, प्राणी रीजंट्स पार्कच्या झूमध्ये गेले. आता तारांचे बनवलेले सिंह, हत्ती, अस्वल जागोजागी उभे आहेत, मुलं तिथून हलत नाहीत.

आता कोहिनूर. तुम्ही बघणारच आहात, बघा. १९३७ मध्ये केलेल्या मुकुटात तो बसवलाय, १०५.६ कॅरेट. आधी १८६ कॅरेटचा होता, १८५२ मध्ये त्याला इंग्लंडमध्ये नवीन पैलू पाडले आणि तो एवढा घटला. ज्या तहाने तो इंग्रजांकडे गेला त्या १८४९ च्या लाहोरच्या तहावर सही केली पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगने, वय वर्षं १०, आई जिंदकौरला आधीच त्याच्यापासून तोडून टाकलेलं. दहा वर्षांच्या मुलाची सही घेतली आणि त्याला स्वखुशी म्हणायचं, हे वाचून आजही संताप होतो आणि व्हायलाच पाहिजे. २०२३ पासून इथल्या मांडणीत तो जिंकून घेतल्याचं प्रतीक म्हणून दाखवतात, इराण, अफगाणिस्तान, पंजाब असा त्याचा प्रवासही येतो, हे आधीपेक्षा खूप बरं. त्याच दालनात भारताचा म्हणून केलेला मुकुट आहे, तो मात्र आपले लोक बघतच नाहीत. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी पाचव्या जॉर्जला मुकुट हवा होता, पण इंग्लंडचा राज्याभिषेकाचा मुकुट देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून सहा हजारांवर हिरे लावून नवीन केला, दिल्लीत तो वापरला आणि मग परत कधीच नाही. फोटो काढायला बंदी आहे, सरकता पट्टा हवा तेवढ्या वेळा परत घेता येतो, कोणी अडवत नाही. गर्दी टाळायची असेल तर किल्ला उघडल्या उघडल्या आधी दागिने उरकून घ्या आणि मग मोकळ्या मनाने बाकीचं फिरा.

हे दागिने एकदा चोरायचा प्रयत्न झाला होता, १६७१ मध्ये. कर्नल ब्लड नावाच्या माणसाने पाद्र्याचा वेष घेऊन म्हाताऱ्या राखणदाराशी महिनाभर ओळख वाढवली, मग त्याला मारहाण करून, मुकुट हातोड्याने चपटा करून झग्याखाली लपवला, पकडला गेला, आणि दुसऱ्या चार्ल्सने त्याला माफ करून वर आयर्लंडमध्ये जमीन दिली. का दिली ते आजपर्यंत इतिहासकार भांडतायत.

याच चार्ल्सच्या काळात, महाराज आग्र्याहून निसटले त्याच १६६६ सालात, लंडनला मोठी आग लागली. व्हाइट टॉवर तेव्हा दारूकोठार होता. आग तिथे पोचली असती तर किल्ला, पूल, नदीतली जहाजं काहीच उरलं नसतं, म्हणून किल्ल्यालगतची घरं सुरुंग लावून उडवली आणि आग अडवली. त्यामुळे आज हे सगळं बघायला आहे.

खंदक आता कोरडा आहे, गवत आहे. भरती-ओहोटीने साफ होईल असा बेत होता पण तसं झालं नाही, शहराची घाण साठून साठून त्याचं डबकं झालं, आतले सैनिक आजारी पडायला लागले, शेवटी १८४३ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनने तो उपसायला लावला. हो, तोच वेलिंग्टन, आसईच्या लढाईतला आर्थर वेलस्ली, १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी लढलेला. म्हातारपणी तो या किल्ल्याचा किल्लेदार होता. दुसऱ्या महायुद्धात या खंदकात भाजी पिकवली आणि २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश आणि वसाहतींच्या सैनिकांसाठी ८,८८,२४६ मातीची लाल फुलं इथे उभी केली होती, प्रत्येकासाठी एक.

बाहेर पडल्यावर लगेच स्टेशनकडे पळू नका, नदीकडच्या धक्क्यावर जा, तिथे तिकीट लागत नाही. ओहोटी असेल तर खाली किनारा उघडा पडतो. १९३४ मध्ये पाचव्या जॉर्जच्या परवानगीने इथे बार्जच्या बार्ज भरून वाळू आणून टाकली आणि ईस्ट एंडच्या गरीब पोरांसाठी बीच केला, ज्यांना समुद्रावर जाणं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी. आयाबाया खुर्च्या टाकून बसायच्या, पोरं पाण्यात, मागे किल्ला. १९७१ मध्ये पाण्याच्या घाणीमुळे बंद झाला. ज्या शहराला धाक दाखवायला किल्ला बांधला त्याच शहराच्या पोरांनी त्याच्या पायथ्याशी वाळूचे किल्ले केले, मला तर या जागेची ही सगळ्यात छान गोष्ट वाटते.

बीफईटर टूर जरूर घ्या. ही माणसं सैन्यात निदान २२ वर्षं नोकरी केलेली असतात आणि कुटुंबासकट किल्ल्यातच राहतात. आवाज खणखणीत, पण इंग्रजी भराभर असतं, आई-बाबांना मीच हळूच मराठीत सांगत होते. पुढे उभे राहा, मागे ऐकू येत नाही. डोमकावळे दिसतील, सहा तरी असलेच पाहिजेत नाहीतर राज्य बुडेल म्हणतात, ही समजूत तशी अलीकडची.

अर्धा स्टार कापला तो जिन्यांसाठी. गोल, अरुंद, झिजलेल्या पायऱ्या आहेत, जुनी वास्तू आहे त्याला इलाज नाही, पण गुडघेदुखीवाल्यांनी व्हाइट टॉवर आणि तटावरचा फेरफटका विचार करूनच करावा. त्यांच्यासाठी दागिने, वॉटर लेन, ट्रेटर्स गेट, हिरवळ आणि धक्का एवढं खालच्या खाली बघून होतं, फक्त दगड ओबडधोबड आहेत तेव्हा चप्पल नको, बूट घाला. बाबागाडी असेल तर दोन मोठी माणसं हवीतच. आत खायला कॅफे आहे, दर लंडनचेच, आम्ही घरून पोळी-भाजीचे रोल नेतो आणि बाकावर बसून खातो. वेळ चार तास तरी ठेवा. हिवाळ्यात लवकर बंद होतं, साडेचारला, त्यामुळे दुपारी जाण्यात अर्थ नाही.

आणि जमलं तर रात्रीचा किल्ल्यांचा, म्हणजे चाव्यांनी दरवाजे बंद करायचा सोहळा बघा, त्याचं बुकिंग वेगळं, ऑनलाइन, आणि जागा फार लवकर जातात, इंडियातून तिकिटं काढतानाच ते बघून ठेवा. रोज रात्री दहाच्या जरा आधी मुख्य पहारेकरी कंदील घेऊन दरवाजे बंद करत येतो, पहाऱ्यावरचा सैनिक अडवतो, 'कोण आहे?' 'किल्ल्या.' 'कोणाच्या किल्ल्या?' 'राजाच्या किल्ल्या.' मग त्याला जाऊ देतो. काही शतकं रोज हे चाललंय. दुसऱ्या महायुद्धात सोहळा चालू असताना जवळ बॉम्ब पडून सगळे आडवे झाले, तर उठून, कपडे झटकून पुरा केला आणि उशीर झाला म्हणून राजाला माफीचं पत्र पाठवलं. साडेनऊला हजर राहा, उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत.